राष्ट्रीय दालन उभारताना या चुका टाळा

जागतिक प्रदर्शनात (वर्ल्ड एक्स्पोत) प्रत्येक देश आपलं राष्ट्रीय दालन उभारतो; ते फार तर सहा महिने खुलं असतं. तरी उद्घाटनाचा आराखडा बारकाईने आखला जातो आणि दालन मोडायच्या दिवसाचा विचार कुणीच करत नाही. भिंतींवर शाश्वततेच्या घोषणा, आणि शेवटी ट्रक भरभरून प्लायवूड, फ्लेक्स आणि जिप्समचा राडारोडा. विषयाशी याहून मोठी बेइमानी नाही.

२००० साली जर्मनीत हानोव्हरच्या प्रदर्शनात स्वित्झर्लंडचं दालन वास्तुरचनाकार पीटर झुम्थोर यांनी न सुकवलेल्या लाकडाच्या तुळया एकावर एक रचून उभं केलं. खिळे नाहीत, गोंद नाही. पोलादी सळया आणि स्प्रिंगांनी सगळं आवळून धरलेलं. लाकूड तिथेच सुकलं आणि प्रदर्शन संपल्यावर विकता आलं. म्हणून निविदेतच लिहून घ्या: कुठलं साहित्य भाड्याचं, कुठलं विकायचं, कुठलं कोण उचलून नेणार. चिकटवण्याऐवजी नटबोल्ट वापरा. चिकटवलेले थर धडपणे सुटे होत नाहीत.

लोक आत येतात, पण कुठेच थांबत नाहीत? बहुतेक वेळा कारण एकच असतं: प्रत्येक खात्याला आपला कोपरा दिलेला असतो. एक प्रश्न निवडा आणि बाकीचं निर्दयपणे कापा. इटलीत मिलानच्या प्रदर्शनात २०१५ साली स्वित्झर्लंडने मनोरे उभारून त्यांत पाणी, मीठ, कॉफी आणि सफरचंदाच्या चकत्या भरल्या. हवं तेवढं न्या, पण संपलं की पुन्हा भरणार नाही. मनोरे रिकामे होत गेले तसे प्रेक्षकांचे मजलेही खाली येत गेले. मागून येणाऱ्यांसाठी काही उरतं का, हे समजायला तिथे एकही तक्ता वाचावा लागत नव्हता. मला हे उदाहरण सर्वांत मोलाचं वाटतं, कारण इथे प्रेक्षकाचं वागणं हेच प्रदर्शन झालं.

नवकल्पना म्हणजे स्क्रीन, हा समज फार महागात पडतो. स्क्रीन वीज खातात, खोली तापवतात, मग वातानुकूलन वाढवावं लागतं. बंद पडला की उरतो तो काळा चौकोन. वीज गेली तरी मुख्य मुद्दा कळेल अशी मांडणी करा: खरी वस्तू, हात लावता येणारा नमुना. जिथे स्क्रीन हवाच, तिथे वीज परत आल्यावर तो आपोआप सुरू होतो का हे आधीच तपासा आणि दुरुस्तीसाठी त्याच शहरातला तंत्रज्ञ ठरवून ठेवा.

‘शून्य कार्बन’, म्हणजे दालनामुळे हवेत कार्बनची निव्वळ भर पडत नाही, असं लिहिण्याआधी बांधकाम, जहाजाने आलेलं सामान आणि पाडकाम हिशेबात धरलंय का ते पाहा. धरलं नसेल, तर मोजलेला आकडा आणि त्यात काय आलं नाही, दोन्ही लिहा.

रांग दालनाबाहेर तासभर रेंगाळते तेव्हा अनेकदा आतला एखादा चित्रपट लांब असतो. तो छोटा करा, बाहेर सावली आणि पाणी द्या, आणि गोष्टीची सुरुवात रांगेतच करा.