चेनसॉ सुरू होत नसेल तेव्हा
दोरी वारंवार ओढूनही चेनसॉ सुरू होत नसेल, तर स्विच चालू आणि चेन ब्रेक लावलेला असल्याची खात्री करून मग स्पार्क प्लग काढून पाहावा. तो पेट्रोलने ओला असल्यास इंजिनात इंधन जास्त झाले आहे असे समजावे. स्विच बंद करून, प्लगच्या छिद्रापासून चेहरा दूर ठेवून दोरी काही वेळा ओढावी आणि पुसलेला प्लग बसवून, स्विच चालू करून चोकविना प्रयत्न करावा. प्लग कोरडाच असल्यास टाकीतील फिल्टर तपासावा. पेट्रोल आणि ऑइलचे महिन्याहून जुने मिश्रण सरळ बदलावे. भार येताच इंजिन बंद पडत असेल, तर एअर फिल्टर आणि सायलेन्सरची काजळलेली जाळी साफ करावी. कार्ब्युरेटरच्या स्क्रूंना हात शेवटी लावावा.