शेजारच्या दोन वस्त्यांतले कीटक मोजायला निघण्यापूर्वी

एकाच जातीचे भुंगेरे खोऱ्यात टपोरे आणि लगतच्या डोंगरमाथ्यावर बारके दिसले, की लगेच मोजायला बसावंसं वाटतं. त्याआधी काय मोजायचं ते ठरवा. प्रौढ कीटक वाढत नाही. शेवटची कात टाकल्यावर कवच एकदा टणक झालं की आकार कायमचा ठरला. म्हणजे तुमच्या कॅलिपरमध्ये येतं ते त्याच्या लहानपणीचं खाणं, तापमान आणि दाटी. म्हणून माप टणक भागाचंच घ्या: भुंगेऱ्याच्या डोक्यामागच्या ढालीची रुंदी, नाकतोड्याच्या मागच्या मांडीची लांबी, माशीच्या पंखाची लांबी. पोट टाळा, ते खाण्याने आणि अंड्यांनी फुगतं, वाळलं की आक्रसतं. वजनावरही याच कारणाने फार विसंबू नये.

सामान थोडंच लागतं: कॅलिपर, भिंग, अल्कोहोलच्या कुप्या, चिठ्ठ्या आणि पेन्सिल. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये बहुधा विरघळते. चिठ्ठीवर जागा, उंची, तारीख, पकडण्याची पद्धत आणि नर की मादी हे लिहा. नर-मादीची नोंद चुकली तर सगळंच फसतं, कारण बऱ्याच जातींत मादी मोठी असते आणि एका ठिकाणी माद्या जास्त सापडल्या तरी ‘फरक’ दिसतो. दोन्हीकडे सापळा तोच आणि तारखा जवळच्या ठेवा. हंगामाच्या सुरुवातीचे आणि शेवटचे किडे सारखे नसतात. सापडेल तो प्रत्येक किडा मोजा, ठसठशीत तेवढेच वेचू नका. शिवाय खोऱ्यातली एक जागा आणि माथ्यावरची एक जागा पुरत नाही, दोन्हीकडे अनेक जागा हव्यात. काही किडे कुठले आहेत हे झाकून पुन्हा मोजा.

फरक टिकला, तर तो रक्तातला की परिस्थितीचा, हे पाहायला दोन्हीकडचे किडे पाळावे लागतील. माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम हेच. थंडीत अळी हळू वाढते, पण बहुतेक जातींत प्रौढ मोठा निघतो. उलट, वर्षाला एकच पिढी होणाऱ्या जातींत हंगाम आखूड असेल तिथे तो अनेकदा लहान राहतो. त्यामुळे नुसत्या उंचीवरून अंदाज बांधता येत नाही. तापमान, खाद्य, दाटी सारखी ठेवा आणि शक्यतो दुसऱ्या पिढीतले किडे मोजा, म्हणजे आईच्या परिस्थितीचा ठसा पुसट होतो. ड्रोसोफिला सबऑब्स्क्युरा ही युरोपातली माशी 1980च्या आसपास उत्तर अमेरिकेत पोचली. साधारण वीस वर्षांत तिथेही, युरोपातल्यासारखेच, उत्तरेकडच्या माद्यांचे पंख मोठे झाले होते, आणि हा फरक प्रयोगशाळेत एकाच परिस्थितीत वाढवलेल्या माश्यांत दिसला.

पाळण्याआधी जागेची परवानगी घ्या. उरलेले किडे मोकळे सोडू नका, निदान एका वस्तीचे दुसरीत तर मुळीच नाही.