सर्व्हर अपडेट केला आणि सर्व्हिस गंडली? या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत डिलिव्हरी चलन काढायचं सॉफ्टवेअर टॉमकॅटवर (जावातली वेब सॉफ्टवेअरं चालवणारा प्रोग्रॅम) चालतं, सर्व्हर डेबियन ११ (लिनक्सचा एक प्रकार). सोमवारी त्यांची सुट्टी, म्हणून मी रविवारी रात्री अपडेट मारून निवांत झोपलो आणि मंगळवारी सकाळी आठलाच फोन, "भावा, चलन निघंना झालंय, गाडी गेटवर उभी हाय."

लॉगमध्ये एरर काय, तर रीड ओन्ली फाइल सिस्टम, म्हणजे वाचता येतं, लिहिता येत नाही. मला वाटलं डिस्क गेली, मालकांना तसं सांगून घाबरवलं पण. मग फोल्डरला ७७७ परमिशन दिली, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं (हसू नका, सगळे देतात), तरी तेच. पण टर्मिनलवरनं त्याच फोल्डरमध्ये फाइल मस्त तयार होत होती, तेव्हा कुठं ट्यूब पेटली. डिस्क नीटच होती, लिहायची बंदी एकट्या टॉमकॅटला होती.

डेबियनच्या टॉमकॅट ९ पॅकेजबरोबर सिस्टमडीची (सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) जी युनिट फाइल, म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी फाइल, येते तिच्यात प्रोटेक्टसिस्टम हे सेटिंग स्ट्रिक्टवर असतं, म्हणजे त्या सर्व्हिसपुरती जवळजवळ सगळी डिस्क रीड ओन्ली, रीडराइटपाथ्समध्ये जी फोल्डरं आहेत तेवढीच उघडी. आमचं चलनाचं फोल्डर मी सहा महिन्यांपूर्वी त्या यादीत घातलं होतं, पण घातलं कुठं, तर थेट लिब फोल्डरखालच्या युनिट फाइलमध्ये, नॅनो एडिटरनं. ती फाइल पॅकेजची. नवीन व्हर्जन आलं की डीपीकेजी (डेबियनचं पॅकेज बसवणारं टूल) ती न विचारता परत लिहितं आणि आपली ओळ गायब.

तिथं सिस्टमसीटीएल एडिट (सिस्टमडीचीच कमांड) वापरायचं. ते इटीसी फोल्डरखाली वेगळी ओव्हरराइड फाइल बनवतं, तिला पॅकेज हात लावत नाही, त्यात फक्त आपली ओळ टाका आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. एक खोच आहे बघा, रीडराइटपाथ्सची नवी ओळ जुन्या यादीत भर घालते, पण एक्झेकस्टार्ट (सर्व्हिस सुरू करायची कमांड) बदलायचं असेल तर आधी ते रिकामं लिहायचं आणि खाली नवीन, नाहीतर दोन एक्झेकस्टार्ट बघून सिस्टमडी युनिटच नाकारतं. दुसऱ्यानं सेट केलेला सर्व्हर गळ्यात पडला तर पहिल्यांदा सिस्टमसीटीएल कॅट आणि डीपीकेजी व्हेरिफाय मारा, कुणी कुठं हात घातलाय ते लगेच दिसतं.

इटीसीतल्या कॉन्फिग फाइलचं उलटं, तुम्ही बदललेली असली आणि नव्या पॅकेजमधली पण बदललेली असली तर डीपीकेजी विचारतं, जुनी ठेवू की नवीन घेऊ. डोळे झाकून वाय दाबू नका, डी दाबून फरक बघा. दाबलंच असेल तर तुमची फाइल शेजारीच डीपीकेजी-ओल्ड शेपटी लावून पडलेली असते.

आता खरा जीव घेणारा विषय, पोस्टग्रेस हा डेटाबेस. डेबियन ११ वर पोस्टग्रेस १३ आहे, डेबियन १२ वर १५. डेबियन ११ वरून १२ असं मोठं अपग्रेड केलं की १५ चा नवा कोरा क्लस्टर (पोस्टग्रेसचा डेटा ठेवायचा एक संच) तयार होतो, बहुतेक ५४३३ पोर्टवर, आणि तुमचा डेटा जुन्या १३ मध्येच राहतो, आपोआप सरकत नाही. लोक कोरा क्लस्टर उघडून डेटा गेला म्हणून बोंब मारतात, नाहीतर त्याहून वाईट म्हणजे जुनं म्हणून १३ च उडवतात. आधी पीजी_एलएसक्लस्टर्स कमांडनं काय काय चालू आहे ते बघा, बॅकअप घ्या, कोरा १५ वाला ड्रॉप करा (आकडा दोनदा वाचून), मग पीजी_अपग्रेडक्लस्टर मारून जुना डेटा १५ मध्ये आणा. आठवडाभर सगळं नीट चाललं की मग जुनं काढा, आणि पर्ज करताना (पॅकेज मुळासकट काढताना) डेटा डिरेक्टरी पण काढू का विचारलं तर चहा पिऊन येऊन उत्तर द्या.

फाउंड्रीचा सर्व्हर अजून ११ वरच आहे. डेबियन १२ मध्ये सर्व्हर म्हणून टॉमकॅट १० येतो, त्यात कोडमधली जावाएक्सनं सुरू होणारी नावं बदलून जकार्ता झालीत, म्हणजे जुनं सॉफ्टवेअर कन्व्हर्ट केल्याशिवाय चालत नाही, आणि ज्यानं ते लिहिलं तो पुण्याला गेलाय, फोन उचलत नाय.