थेरपिस्ट व्हायचंय? मग डिग्रीसोबत हेही बघा

"सगळे माझ्याकडेच मन मोकळं करतात, म्हणून सायकॉलॉजी घ्यायचंय" असं म्हणणारे खूप भेटतात. थोडं खोदलं की कळतं, कुणाच्या घरात दारू होती, कुणाच्या भावाला स्किझोफ्रेनिया, कुणी स्वतःच डिप्रेशन काढलंय. या लाइनीत बरेच जण असेच येतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त तेवढ्या भांडवलावर समोरच्याची थेरपी करता येत नाही.

आधी कोर्सचं. किमान एमए किंवा एमएस्सी सायकॉलॉजी हवंच. इंजिनिअरिंग, कॉमर्सवालेही येतात, इग्नूचं एमए कुठल्याही पदवीवर करता येतं, पण पुढे क्लिनिकलला जायचं असेल तर डिस्टन्सची डिग्री चालते का हे फी भरायच्या आधी विचारा, नंतर नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं रजिस्ट्रेशन लागतं, कायदा १९९२ चा आहे, आणि त्यासाठी त्यांच्या मान्यतेचाच कोर्स पाहिजे. बरीच वर्षं हा रस्ता म्हणजे दोन वर्षांचं एम.फिल. होतं, पण युजीसीनं २०२२ च्या नियमांत एम.फिल.च बंद केलं, क्लिनिकलला काही काळ मुदतवाढ मिळाली, त्यामुळे सीनियरनी सांगितलेल्या माहितीवर जाऊ नका, त्या वर्षाची मान्यता आरसीआयच्या साइटवर स्वतः बघा. कौन्सेलिंगचं मात्र अजून सैल आहे. डॉक्टर-नर्स सोडून आरोग्यातल्या बाकीच्या व्यवसायांसाठी जो २०२१ चा कायदा आहे त्यात सायकॉलॉजिस्ट आलेत खरे, तरी वीकेंडचं सर्टिफिकेट घेऊन पाटी लावणारे आहेतच. आणि गोळ्या लिहायचं काम सायकियाट्रिस्टचं, आपलं नाही, मग एमडीवाल्या एकदोघांशी ओळख ठेवा, पेशंट पाठवावे लागतात.

आता खरं महत्त्वाचं म्हणजे सुपरव्हिजन. इंटर्नशिप शोधताना स्टायपेंडपेक्षा आधी हे विचारा की माझी सेशन्स कोण तपासणार, आठवड्यातून किती वेळा. चांगला सुपरव्हायजर तुमच्याकडून सेशन शब्दशः लिहून घेतो, अर्थात क्लायंटचं नाव-गाव काढून. समजा क्लायंट म्हणाली, "आई गेल्यापासून झोपच नाही" आणि तुम्ही लगेच बोललात, "मी समजू शकते, माझेही बाबा असेच गेले." तिथे पेन थांबतं आणि प्रश्न येतो, हे वाक्य तिच्यासाठी होतं की तुझ्यासाठी? पुढच्या ओळीत ती बाई तुमचंच सांत्वन करत असते, बघा वाचून. तुमचं दुःख खरं असतं पण तो तास तिचा असतो. म्हणून स्वतःची थेरपी घ्या, निदान काही महिने, खर्च होतो पण पुस्तकांपेक्षा जास्त शिकवते (हे माझं मत, सगळ्यांना पटत नाही).

पैशाचं सरळ सांगते, सुरुवातीची वर्षं ओढाताणीची जातात. शाळा, एनजीओ, हॉस्पिटलची ओपीडी असं काहीतरी धरून प्रॅक्टिस हळूहळू वाढवा, लगेच केबिन भाड्याने घेऊ नका.

क्लायंटसाठी स्वतःची ओळख लिहिताना डिग्री, रजिस्ट्रेशन असेल तर नंबर, कुठल्या पद्धतीने काम करता, कुठल्या केसेस घेत नाही, फी किती, आणि कुठल्या भाषेत बोलता ते टाका. मालवणी किंवा अहिराणी येत असेल तर आवर्जून लिहा, रडताना माणूस प्रमाण मराठी बोलत नाही. तुमची स्वतःची कहाणी दोन ओळींत बास, आणि त्यात घरातल्या दुसऱ्या कुणाचा आजार येत असेल तर आधी त्यांना विचारा.