गावच्या घरातून व्हिडिओ मीटिंग कशी करावी: आधी आवाज, मग चेहरा

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागायच्या आदल्या आठवड्यात मी पुण्यातल्या खोलीला कुलूप लावलं आणि लॅपटॉप घेऊन देवरुखला घरी आले. दोन आठवड्यांसाठी म्हणून आले होते, पण इथूनच काम करायची सवय लागली. पडवीत टेबल मांडलं. उजेड भरपूर, वारा छान, मोबाइलला रेंजही तिथेच. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि एका ग्राहकासमोर मी दहा मिनिटं मन लावून बोलले. शेवटी पलीकडून कोणीतरी हळूच म्हणालं, "मॅडम, आम्हाला फक्त पाऊस ऐकू येतोय." पडवीवर पत्रा आहे. माझा चेहरा स्वच्छ दिसत होता, पण शब्द एकही पोचला नव्हता.

तेव्हापासून मी एक क्रम पाळते आणि नव्याने घरून काम करणाऱ्यांनाही तोच सांगते: आधी आवाज, मग इंटरनेट, मग वीज आणि सगळ्यात शेवटी चेहरा. चित्र अडकलं तरी काम चालतं. आवाज तुटला की मीटिंग संपल्यातच जमा.

पायरी 1: जागा कानाने निवडा

उजेड बघून जागा ठरवू नका. मीटिंग ज्या वेळी असते त्याच वेळी, त्याच जागी बसून फोनवर एक मिनिट रेकॉर्ड करा आणि इअरफोन लावून ऐका. आपल्या कानाला सवयीने ऐकू येईनासं झालेलं सगळं त्यात सापडतं: पंख्याची घरघर, शेजारचा पंप, रस्त्यावरची एसटी, स्वयंपाकघरातला मिक्सर. मी पडवी सोडून माजघरात आले. वर माळा असल्याने पावसाचा आवाज तिथे निम्म्याहून कमी होतो. खोली रिकामी असेल तर आवाज घुमतो. त्यासाठी महागडे फोम आणायची गरज नाही. समोरच्या भिंतीला जाड पडदा लावला किंवा दोरीवर गोधडी टाकली तरी फरक लगेच कळतो.

घरच्यांना वेळ सांगून ठेवा. माझी मीटिंग असली की मी माजघराच्या दाराला लाल ओढणी बांधते. आई ती बघते आणि वाटण नंतर लावते.

पायरी 2: माइक तोंडाजवळ आणा

लॅपटॉपचा माइक हातभर लांब असतो. त्यामुळे तो तुमच्याबरोबर अख्खी खोलीही ऐकतो. साधा वायरचा इअरफोन, ज्याच्या वायरवरच माइक असतो, तो त्याहून पुष्कळ बरा. थोडे पैसे घालता येत असतील तर तोंडासमोर दांडी येणारा यूएसबी हेडसेट घ्या. कामासाठी केलेल्या खर्चात मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली वस्तू तीच.

ब्लूटूथबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. बऱ्याच ब्लूटूथ इअरफोनमध्ये माइक चालू झाला की आवाजाचा दर्जा जुन्या टेलिफोनसारखा होतो, कारण तेव्हा ते गाणी ऐकायची पद्धत सोडून फोनवर बोलायच्या पद्धतीवर जातात. गाणी सुंदर वाजतात म्हणून मीटिंगही सुंदर होईल असं धरू नका.

मीटिंगमध्ये शिरण्याआधी सेटिंगमध्ये कोणता माइक निवडलेला आहे ते बघा. हेडसेट लावलाय आणि सॉफ्टवेअर मात्र लॅपटॉपचाच माइक वापरतंय, असं फार वेळा होतं.

पायरी 3: इंटरनेटचा अपलोड तपासा

स्पीड टेस्ट केली की लोक डाउनलोडचा आकडा बघून खूश होतात. पण तुमचा आवाज आणि चेहरा जातो अपलोडमधून. एका साध्या व्हिडिओ कॉलला 1 ते 2 एमबीपीएस (म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट) अपलोड स्थिर मिळालं तर काम होतं. नुसत्या आवाजाला 100 केबीपीएससुद्धा, म्हणजे एका एमबीपीएसचा दहावा भाग, पुरतात. हिशेब सोपा आहे: आठ बिटांचा एक बाइट, म्हणून 1 एमबीपीएसने तासभर डेटा वाहिला तर सुमारे 450 एमबी (मेगाबाइट) जातात, आणि येणारं आणि जाणारं असं दोन्ही मोजायचं असतं. रोज दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर दिवसभर व्हिडिओ मीटिंगा का टिकत नाहीत, ते यावरून कळेल.

वेगाइतकाच उशीरही महत्त्वाचा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.114 या शिफारशीप्रमाणे आवाज एका बाजूने दुसऱ्या बाजूला पोचायला 150 मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला तर संभाषणाला सहसा बाधा येत नाही. त्यापुढे माणसं एकमेकांच्या बोलण्यात शिरायला लागतात, आणि समोरचा मुद्दाम मध्ये बोलतोय असा उगाच गैरसमज होतो.

माजघरात आल्यावर माझा वायफाय गेला. जांभ्या दगडाची भिंत ती! राउटरचा 5 गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान असतो, पण भिंतीपलीकडे त्याचा जोर ओसरतो. 2.4 चा पट्टा लांब जातो, वेग मात्र कमी देतो. मी शेवटी राउटरपासून टेबलापर्यंत लॅन केबल ओढली. अशी केबल 100 मीटरपर्यंत चालते, म्हणजे कुठल्याही घराला पुरते. मीटिंग रोजची असेल तर हेच करा.

पायरी 4: वीज जाणार हे धरून चाला

लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. दिवे गेले की आधी तो मरतो. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचा आणि त्याच मापाचा घ्या. फायबरचा डबा वेगळा आणि राउटर वेगळा असेल तर दोन्ही त्यावर चालले पाहिजेत.

तरीही कधीकधी कंपनीच्या बाजूची वीज जाते आणि फायबर बंद पडतं. म्हणून फोनमधलं सिम ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचं ठेवा, आणि मीटिंगचं ॲप फोनवर आधीच लॉगिन करून ठेवा. हॉटस्पॉटवर आलात की व्हिडिओ बंद करा, तसं सरळ सांगा आणि बोलत राहा. यात लाजण्यासारखं काही नाही.

पायरी 5: चेहरा

खिडकी समोर हवी, पाठीमागे नको. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणा. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं किंवा उलटा डबा चालतो. इतकं पुरे.

पायरी 6: मीटिंगमध्ये बसल्यावर

बोलत नसाल तेव्हा माइक बंद. गूगल मीटमध्ये कंट्रोल आणि डी, टीम्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एम ही बटणं एकदम दाबली की माइक बंद किंवा चालू होतो. झूममध्ये माइक बंद असताना स्पेसबार दाबून धरला तर तेवढ्यापुरता चालू होतो. दाखवायचं असेल तेव्हा पूर्ण स्क्रीन शेअर करू नका, फक्त ती एक खिडकी करा. व्हॉट्सॲपवरचा घरगुती निरोप ग्राहकाने वाचायचं कारण नाही.

मीटिंग तुम्ही बोलावणार असाल तर फुकट खात्याची मर्यादा लक्षात ठेवा: झूमवर 40 मिनिटं, आणि मीटवर तीन किंवा जास्त माणसं असतील तर 60 मिनिटं.

इथे मला मनापासून एक सांगायचं आहे, विशेषतः ऑफिसात बसणाऱ्यांना. सहा जण एका खोलीत, मध्ये एक लॅपटॉप आणि आम्ही दोघं-तिघं लांबून, अशा मीटिंगमध्ये लांबचा माणूस हळूहळू गप्प होतो. टेबलाच्या कडेचं बोलणं त्याला पोचत नाही, पिकलेला हशा कशावर होता तेही कळत नाही. एक जण जरी बाहेरून जोडलेला असेल तरी प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवरून, हेडसेट लावून बसावं. ते जमत नसेल तर टेबलावर चांगला कॉन्फरन्स माइक ठेवा, आणि प्रत्येक विषय संपताना बाहेरच्यांना नाव घेऊन विचारा.

पायरी 7: थकवा आणि घड्याळ

दिवसभर मीटिंगा करून डोकं जड होतं ते काही मनाचे खेळ नाहीत. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये त्याची चार कारणं मांडली: सतत जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा समोर असणं, एका जागी खिळून बसणं, आणि हावभाव दाखवायला आणि ओळखायला पडणारे जादा कष्ट. स्वतःचा चेहरा लपवायची सोय झूममध्ये आहे. ती वापरून बघा, मला दुसऱ्या दिवशीच हलकं वाटलं.

परदेशी ग्राहक असतील तर घड्याळ सांभाळा. आपली वेळ वर्षभर तीच राहते, त्यांची बदलते. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. अमेरिकेत हा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो, ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे लंडनची वेळ जुनी आणि न्यूयॉर्कची नवी असते. ते आठवडे कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवा.

मीटिंग संपल्यावर पाच मिनिटांच्या आत ग्रुपवर तीन ओळी टाका: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. ज्याचं नेट मध्येच गेलं होतं, तो सगळ्यात आधी तेच वाचतो.