अमेरिकेतून कॅनडात गाडी नेताय? या चुका टाळा

दर वर्षी मे-जून आला की माझा फोन वाजायला लागतो. मुलांच्या शाळा संपतात आणि न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातली मराठी कुटुंबं टोरांटोकडे निघतात. ग्रीन कार्डाच्या रांगेला कंटाळून कॅनडाची पीआर (कायम राहण्याचा परवाना) घेतलेली असते, मिसिसागाला नाहीतर ब्रॅम्प्टनला घर ठरलेलं असतं, ट्रकही बुक झालेला असतो. मग निघायला चार दिवस उरले असताना विचारतात, "ताई, गाडी घेऊनच येतोय. बॉर्डरवर काय काय दाखवावं लागतं?"

बॉर्डरवर दाखवायचं फार थोडं असतं. जे करायचं ते दीड-दोन महिने आधी, अमेरिकेतल्या घरी बसून. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की आता एकदाच सगळं लिहून काढते.

कॅनडाचा विचार करता, अमेरिकेचा विसरता

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात महाग पडते. कॅनडा गाडी आत घेईल का, कर किती लागेल, हे सगळे विचारतात. गाडी आधी अमेरिकेतून रीतसर निर्यात व्हावी लागते, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. आपण घरचं सामान हलवतोय असं आपल्याला वाटतं, पण अमेरिकी कस्टम्सच्या लेखी ती वापरलेल्या वाहनाची निर्यात असते.

रस्त्याने सीमा ओलांडणार असाल तर नियम असा आहे. गाडीचं मूळ टायटल (मालकीचा कागद), त्याच्या प्रती आणि निर्यातीची नोंद हे सगळं किमान ७२ तास आधी त्या पुलावरच्या अमेरिकी कस्टम्सकडे पोचलं पाहिजे, आणि ओलांडायच्या दिवशी गाडी तिथे नेऊन दाखवली पाहिजे. निर्यातीची नोंद संगणकावर होते आणि तिचा आयटीएन नावाचा नंबर मिळतो. त्यासाठी सोशल सिक्युरिटी नंबर चालत नाही, ईआयएन हा वेगळा करक्रमांक लागतो. ईआयएन आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याकडून, फुकट मिळतो. तो घेऊन स्वतः नोंद करा नाहीतर एजंटला पैसे देऊन करून घ्या.

आमचं काय झालं ते सांगते. २०१७ साली गौरी-गणपतीचं विसर्जन करून दुसऱ्या दिवशी, १ सप्टेंबरला, आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघालो. नवरा भाड्याच्या ट्रकमध्ये, मी आणि सहा वर्षांची मुलगी गाडीत. बफेलोच्या पीस ब्रिजवर पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. पलीकडे फोर्ट एरी दिसत होतं, कॅनडाचा झेंडा दिसत होता. एजंटने तीन आठवड्यांपूर्वी पैसे घेतले होते आणि "सगळं फाइल केलंय" असं फोनवर सांगितलं होतं. आम्ही आयटीएन कागदावर मागितला नव्हता.

खिडकीतल्या अधिकाऱ्याने संगणकात पाहिलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. नोंद होती, पण तारीख त्याच दिवसाची, वेळ सकाळी ११:४०. म्हणजे आम्ही वाटेत पेट्रोल भरत असताना एजंटने ती केली होती. ७२ तास सोमवारी दुपारी पूर्ण होणार होते आणि सोमवारी लेबर डेची सुट्टी. अधिकारी चांगला होता, आवाजही चढवला नाही, पण टायटल परत देताना एवढंच म्हणाला, "मंगळवारी सकाळी या."

चार रात्री आम्ही बफेलोच्या एका मोटेलमध्ये काढल्या. ट्रकचं भाडं रोजचं चालू. मिसिसागाच्या घरमालकाने किल्ली घ्यायला शनिवारी बोलावलं होतं, त्याला फोन करून विनवण्या केल्या. मुलीची कॅनडातली शाळा मंगळवारी सुरू होत होती, तिचा पहिला दिवस बुडाला. शेवटी मंगळवारी सकाळी टायटलवर निर्यातीचा शिक्का बसला. त्या वेळी आलेला तो 'ठक्क' आवाज मला अजून आठवतो.

तेव्हापासून मी कुणालाही मदत करते तेव्हा माझी एकच पद्धत आहे. आयटीएन हातात, म्हणजे कागदावर छापून, आल्याशिवाय ट्रक बुक करू द्यायचा नाही. टायटलच्या दोन्ही बाजूंच्या तीन-तीन प्रती काढायच्या. ज्या पुलावरून जाणार तिथल्या निर्यात खिडकीला फोन करून कामाच्या वेळा विचारायच्या, कारण पूल चोवीस तास चालू असला तरी ती खिडकी असेलच असं नाही. आणि ओलांडायचं मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी, शुक्रवारी कधीच नाही. एजंट "झालं" म्हणाला की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "नंबर सांगा."

"तसंच पूल ओलांडून जा, कुणी अडवत नाही" असा सल्ला व्हॉट्सअॅप ग्रुपवर हमखास मिळतो. अडवत नाहीत हे पुष्कळदा खरंही असतं, कारण तिथे निर्यातीसाठी वेगळं फाटक नाही. पण नियम मोडला तर दंड आहे. नव्या देशात पीआर घेऊन पहिलं पाऊल टाकताना लपूनछपून गाडी काढायची, हे मला मुळीच पटत नाही. तीन दिवसांची वाट चुकवण्यासाठी एवढी जोखीम कशाला?

टायटल बँकेकडे आणि तुम्ही पुलावर

कर्ज चालू असेल तर टायटलवर बँकेचा बोजा असतो आणि बहुतेक वेळा टायटलही बँकेकडेच असतं, काही राज्यांत तर फक्त संगणकातच. बँकेचं लेखी परवानगीपत्र नसेल तर गाडी निर्यात होत नाही. कर्ज फेडलं असेल तरी बोजा उतरवलेलं कोरं टायटल हातात यायला आठवडे लागतात. माझं मत विचाराल तर कर्ज फेडा, टायटल येऊ द्या, मगच निघा. लीजवरची गाडी तर तुमची नसतेच. ती नेण्याचा विचार सोडा, परत करा.

यादीत गाडी न लिहिणं

कॅनडात पहिल्यांदा राहायला येणाऱ्याला आपलं वापरलेलं सामान करमुक्त आणता येतं, गाडीसुद्धा. पण ती येण्याआधीपासून तुमच्या मालकीची, ताब्यातली आणि वापरातली हवी. आणि लँडिंगच्या दिवशी, म्हणजे पीआर म्हणून पहिल्यांदा कॅनडात शिरता त्या दिवशी, दिलेल्या यादीत तिचं नाव हवं. सोबत आणलेलं सामान एका यादीत, नंतर येणारं दुसऱ्या. अधिकारी त्यावरून बीएसएफ१८६ हा फॉर्म भरतात. त्याची प्रत पासपोर्टइतकी जपा.

घोडं अडतं ते सॉफ्ट लँडिंगवाल्यांचं. लोक वीकेंडला नायगारा बघायला येतात, पीआरचा शिक्का घेतात आणि वर्षभर परत अमेरिकेत नोकरी करतात. त्या दिवशी यादी देतच नाहीत किंवा 'घरगुती सामान' असे दोन शब्द लिहून मोकळे होतात. डॅलसच्या एका जोडप्याने तसंच केलं, वर त्या वर्षात नवी एसयूव्ही घेतली. लँडिंगनंतर घेतलेली गाडी, यादीत नाव नाही, म्हणजे सवलत नाही. पूर्ण किमतीवर कर भरावा लागला. यादीत मेक, मॉडेल, वर्ष, विन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) आणि किंमत लिहा. तुमची गाडी तेव्हा घरी गॅरेजमध्ये उभी असेल, तरीही लिहा.

करमुक्त म्हणजे सगळीच किंमत नव्हे. एका वस्तूला १०,००० डॉलरपर्यंत सवलत, त्यावरच्या रकमेवर कर. हे डॉलर कॅनेडियन आहेत, हे फार जण विसरतात. समजा गाडीची किंमत १६,००० कॅनेडियन डॉलर आहे आणि ती जपानमध्ये बनली आहे. वरच्या ६,००० वर ६.१ टक्के ड्यूटी, म्हणजे ३६६. मग ६,३६६ वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ३१८. कुठे बनली ते विन नंबरच्या पहिल्या अक्षरावरून कळतं: १, ४, ५ अमेरिका, २ कॅनडा, ३ मेक्सिको, जे म्हणजे जपान. हा हिशेब २०२५ च्या आधीच्या पद्धतीचा आहे. एप्रिल २०२५ पासून कॅनडाने अमेरिकेत बनलेल्या गाड्यांवर २५ टक्के प्रतिशुल्क लावलं, त्यामुळे मित्राने २०१९ साली काय भरलं यावर विसंबू नका. आपल्या गाडीचा विन नंबर सांगून सीबीएसएला, म्हणजे कॅनडाच्या कस्टम्सला, निघण्याआधीच विचारा. आणि सवलतीत आणलेली गाडी वर्षभराच्या आत विकली तर तो कर मागून भरावा लागतो.

दारावरचं स्टिकर

ड्रायव्हरचं दार उघडा आणि खांबावर किंवा दाराच्या कडेला बघा. गाडी अमेरिकेच्या सुरक्षा नियमांनुसार बनल्याचं एक स्टिकर तिथे असतं. सीमेवरचा अधिकारी वाकून, टॉर्च मारून ते वाचतो. अपघातानंतर दार बदललं असेल किंवा रंगवणाऱ्याने स्टिकरवरच रंग मारला असेल, तर कंपनीचं पत्र लागेल. आजच जाऊन बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

त्याच बैठकीत कॅनडाच्या परिवहन खात्याची अमेरिकी गाड्यांची यादी उघडा आणि आपलं मॉडेल, आपलं वर्ष शोधा. जुळी दिसणारी दोन मॉडेलं असतात आणि त्यातलं एकच चालतं. २००७ च्या सप्टेंबरपासून कॅनडात चोरीविरोधी इमोबिलायझर सक्तीचा आहे, त्यापायी काही मॉडेलं अडतात. यादीत नसेल तर वाद घालण्यात अर्थ नाही, गाडी अमेरिकेतच विका.

रिकॉलचं पत्र आणि दोन वेगवेगळ्या तपासण्या

सीमेवर गाडीच्या आयातीच्या 'फॉर्म १' वर शिक्का बसला की लोकांना वाटतं गंगेत घोडं न्हालं. तिथून पुढे आरआयव्हीचं काम सुरू होतं. आरआयव्ही म्हणजे आयात गाड्यांची नोंद ठेवणारी यंत्रणा. त्यांची फी भरायची, गाडीवर एकही रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाडी परत बोलावणं) शिल्लक नसल्याचं कंपनीचं ताजं पत्र द्यायचं, मग ते 'फॉर्म २' पाठवतात. तो घेऊन कॅनेडियन टायर या दुकानसाखळीच्या तपासणी केंद्रात जायचं. हे सगळं आयात झाल्यापासून ४५ दिवसांत.

पत्र सीमेपलीकडे गेल्यावर मागू, असं म्हणणारे फार. टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगांचा रिकॉल आठवा. कोट्यवधी गाड्या त्यात होत्या आणि सुटे भाग येईपर्यंत लोकांना महिनोन्‌महिने थांबावं लागलं. अशा वेळी ४५ दिवस कुठे पुरणार? रिकॉलचं काम अमेरिकेतल्या नेहमीच्या डीलरकडे करून घ्या आणि पत्र खिशात घालूनच निघा. मी तर आयटीएनच्याही आधी हे काम करायला सांगते, कारण यात वेळ आपल्या हातात नसतो.

दुसरा घोळ तपासण्यांचा. आरआयव्हीची तपासणी झाली की ऑन्टारिओची (टोरांटो ज्या प्रांतात आहे त्याची) 'सेफ्टी' झाली, असं समजू नका. आरआयव्हीवाले दिवसाही चालू राहणारे दिवे, किलोमीटरचा स्पीडोमीटर अशा कॅनडाच्या अटी बघतात. सेफ्टीवाले ब्रेक, टायर, सस्पेन्शन बघतात. नंबर प्लेटसाठी दोन्ही लागतं आणि सेफ्टीचं सर्टिफिकेट फक्त ३६ दिवस चालतं, म्हणून ते घाईने आधीच काढून ठेवू नका. आधी आरआयव्ही, मग सेफ्टी.

थोडक्यात सांगण्यासारखं

पुण्या-मुंबईतली गाडी कॅनडात नेता येईल का, असंही विचारतात. पंधरा वर्षांपेक्षा नवी आणि कॅनडाच्या नियमांनुसार न बनलेली गाडी अमेरिका-मेक्सिकोखेरीज दुसऱ्या देशातून कायमची आणता येत नाही. विषय संपला.

वर्क परमिट किंवा स्टुडंट परमिटवर येत असाल तर गाडी तात्पुरती आणायचा वेगळा मार्ग आहे, आधी तो बघा.

उत्पादकाची वॉरंटी कॅनडात चालेल असं गृहीत धरू नका, लेखी विचारा.

टेक्सासहून येणाऱ्यांनी विंटर टायरचे पैसे पहिल्याच हिशेबात धरावेत.

विम्याबद्दल मात्र दोन ओळी जास्त लिहिते. अमेरिकेतल्या विमा कंपनीकडून आधीच्या वर्षांत क्लेम नसल्याचं पत्र आणि मोटार वाहन खात्याकडून ड्रायव्हिंग रेकॉर्ड निघण्यापूर्वी घ्या. ते नसेल तर ऑन्टारिओत दहा वर्षांचा चालक नवशिक्या ठरतो आणि हप्ता डोळे पांढरे करतो. ऑन्टारिओत राहायला आल्यावर गाडीच्या नोंदणीला ३० दिवस आणि लायसन्स बदलायला ६० दिवस मिळतात. ऑन्टारिओची प्लेट लागली की न्यू जर्सीची जुनी प्लेट काढून तिथल्या खात्याला परत पाठवा, पावती येऊ द्या आणि त्यानंतरच तिथला विमा बंद करा.