खाडीत वल्हवताना: दम राखायचा कसा

नॉर्वेचा वल्हवपटू ओलाफ टुफ्टे 1996 च्या अटलांटापासून टोकियोपर्यंत सात ऑलिम्पिक खेळला. 2004 आणि 2008 मध्ये एकेरीत सुवर्ण, 2016 मध्ये चाळिसाव्या वर्षी दुहेरीत कांस्य. इतकी वर्षं नुसत्या दंडांवर निघत नाहीत. जोर पायांतून यावा लागतो.

आपल्या साध्या होडीत सरकती बैठक नसते, म्हणून पावलं आडव्या फळीला घट्ट टेकवा. आधी पाय रेटा, मग पाठ मागे, हात सगळ्यात शेवटी. परतताना उलट क्रम: हात, पाठ, पाय. मिनिटाला 18 ते 20 फटके पुरेत. पातं बुडेल एवढंच पाण्यात घाला, तेही उभं. तिरकं शिरलं तर ते खोल ओढलं जातं, होडी पुढे सरकत राहते आणि वल्ह्याची मूठ थेट पोटात बसते. असं झालं की मूठ वर ढकलून सोडा; ताकद लावू नका.

भरतीची वेळ तिथीवरून काढा, तिथीच्या आकड्याची पाऊणपट: चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास. (मिनिटांसाठी मात्र भरती-ओहोटीचं कोष्टकच बघा.) भरतीच्या शेवटच्या तासात आत जा, ओहोटी लागताच तिच्यासोबत परत या. उशीर केलात तर धक्क्यापाशी चिखलात रुताल. उधाणाच्या दिवशी खाडीच्या मुखाकडे फिरकू नका.